अकरा किलोमीटर आणि एकोणपन्नास इंच

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात रेघोबा एकटेच होते, आणि ते एकटेच पुरेसे आहेत असं त्यांचं ठाम मत होतं. रेघोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं जमिनीखालच्या नळांच्या रेघा मारण्यात गेली म्हणून खात्यानं पाठीमागे ठेवलेलं ते नाव. पुढे पुढे लोक तोंडावरही तेच म्हणू लागले, तेव्हा त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारून टाकलं. त्यांच्या हिशेबानं जगात माणसांचे दोनच प्रकार होते. ज्यांना नकाशा वाचता येतो ते, आणि उरलेले. पहिल्या प्रकारातला दुसरा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

एका सकाळी खोदकामाची टोळी रेघोबांचा नकाशा घेऊन बेकरीसमोरचा रस्ता खणायला गेली. नकाशाप्रमाणे तिथे चार फुटांवर व्हॉल्व्ह होता. टोळीनं चार फूट खणलं, सहा फूट खणलं. आठव्या फुटावर मुकादमाला व्हॉल्व्ह नाही, पण मुख्य नळ भेटला, आणि तोही कुदळीच्या टोकाला. पुढचे दोन दिवस बेकरीवाला घोटाभर पाण्यात उभा राहून पाव विकत होता आणि प्रत्येक पावाबरोबर खात्याचा उद्धार फुकट देत होता.

मोठ्या साहेबांनी रेघोबांना बोलावलं.

“हे कसं झालं?”

“साहेब, चूक माझी नाही,” रेघोबा म्हणाले. “काचेची आहे.”

मग त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं, म्हणजे उरलेल्यांना समजावतात तसं, हळू आणि मोठ्यानं. मुख्य नळ पंपघरापासून दवाखान्यापर्यंत अकरा किलोमीटर आडवा जातो. खात्यानं दिलेला मॉनिटर सतरा इंचांचा, चौकोनी, बसका. दाराच्या फटीतून हत्ती बघायचा म्हणजे कधी सोंड दिसणार, कधी शेपूट. नळ त्या काचेवर तेरा तुकड्यांत दिसतो. बेकरीचा व्हॉल्व्ह सातव्या आणि आठव्या तुकड्याच्या सांध्यात सटकला. आडवा लांब मॉनिटर असता, अल्ट्रावाइड म्हणतात तसला, तर हे घडलंच नसतं.

साहेब थकलेले होते. “पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. हा नकाशा बघून ते नवीन कामांना मंजुरी देणार. हवा तो मॉनिटर निवडा. पण नकाशा बिनचूक पाहिजे. नाहीतर तुमची बदली तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. कळलं?”

रेघोबांना कळलं. तळघरातल्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तिथे गेलेला माणूस निवृत्तीच्या दिवशीच वर यायचा.

आता मॉनिटर निवडायचा म्हणजे काय, दुकानात जायचं आणि बोट दाखवायचं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. रेघोबांनाही तसंच वाटलं होतं. पण त्यांनी ही गोष्ट जिन्यात शेजाऱ्यांना सांगितली. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाच्या हाती दुसऱ्याची खरेदी लागली की तो दहा वर्षांनी तरुण होतो. संध्याकाळी ते वही घेऊनच आले.

“दोन छोटे घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा,” ते म्हणाले. “एक बिघडला तर दुसरा राहतो.”

“आणि मधली पट्टी? नळाला मध्ये पट्टी आली तर पाणी काय उडी मारून जाणार?”

“तेवढं समजून घ्यायचं.”

“समजून घेण्यासाठी नकाशा नसतो,” रेघोबा म्हणाले. “समजुतीवर बँका चालतात.”

शेजाऱ्यांनी वही मिटली, पण उठले नाहीत. चहा यायचा होता.

मेहुण्यानं फोनवरून निराळाच तोडगा काढला. “भाऊजी, मॉनिटर कशाला? प्रोजेक्टर लावा. भिंत आहे की तुमच्याकडे. नळ भिंतभर दिसेल.” हा मेहुणा आतापर्यंत तीन धंदे बुडवून चौथ्याच्या काठावर उभा होता, आणि सल्ला देताना त्याचा आवाज नेहमी असा भरघोस असायचा. रेघोबांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि “तुझा भाऊ” एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांत त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं आलं. बायकोलाही ते सगळं पोचलं.

कामाचं बोलली ती बायकोच. “अहो, किती मोठा, किती मोठा म्हणून नुसते हात पसरताय. फ्रीजचा खोका माळ्यावर पडलाय. त्याचा पुठ्ठा कापा, टेबलावर उभा करा, आणि बसून बघा जमतंय का.”

सल्ला चांगला होता, त्यामुळे रेघोबांना राग आला. तरी त्यांनी पुठ्ठा कापला. एकोणपन्नास इंची म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रत्यक्षात चार फूट लांब आणि जेमतेम सव्वा फूट उंच. त्यावर त्यांनी निळ्या पेननं मुख्य नळ काढला, पुठ्ठा टेबलावर दोन डब्यांना टेकवला, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याच्यासमोर कामाला बसले. डावीकडे पंपघर, उजवीकडे दवाखाना. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. मध्येच हातानं माउस हलवल्यासारखं करायचे, कारण चाचणी म्हणजे चाचणी.

अकराच्या सुमारास शेजारी वर्तमानपत्र मागायला आले. दारातूनच त्यांनी पाहिलं, की एक पन्नाशीतला गृहस्थ फ्रीजच्या पुठ्ठ्याकडे एकटक बघतोय आणि मधूनमधून “हं” म्हणतोय. ते दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले आणि रेघोबांच्या बायकोला हळूच विचारलं, “कधीपासून?”

“नऊपासून,” ती म्हणाली.

“घरच्यांनी धीर सोडायचा नसतो,” असं म्हणून ते वर्तमानपत्र न घेताच गेले. दुपारपर्यंत इमारतीतल्या चार घरांतून रेघोबांच्या तब्येतीची चौकशी झाली. संध्याकाळी तब्येत खरोखरच बिघडली. मान डावीकडे वळली ती वळलीच. पुढचे दोन दिवस रेघोबा साऱ्या जगाकडे तिरक्या नजरेनं बघत होते. जे त्यांना ओळखत होते त्यांना काही फरक जाणवला नाही.

मान सरळ झाल्यावर ते दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्यानं, गळ्यात पट्टा, तोंडावर उत्साह, लगेच एका भल्यामोठ्या पडद्यावर मोटारींची शर्यत लावली.

“सर, कितीचा रिफ्रेश रेट बघताय? हा बघा, गाडी किती स्मूथ पळते.”

“माझे नळ पळत नाहीत,” रेघोबा म्हणाले. “जिथे पुरले तिथेच राहतात.”

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून आपला नकाशा लावायला लावला. नकाशा पसरला, पंपघरापासून दवाखान्यापर्यंत, आणि रेघोबांच्या कपाळावर आठी पडली. पडदा दोन्ही टोकांना आत वळलेला होता. त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, पडद्याला लावली, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाले, “नळ वाकडा आहे.”

“सर, तो कर्व्ह असतो. मधोमध बसून बघा, सरळ दिसेल.”

रेघोबा मधोमध बसले. नळ सरळ झाला. उभे राहिले. नळ वाकला. पुन्हा बसले, पुन्हा सरळ.

“म्हणजे सरळपणा नळात नाही,” ते म्हणाले, “माझ्या बुडाखालच्या खुर्चीत आहे?”

“एक्झॅक्टली, सर!” विक्रेता आनंदानं म्हणाला.

इतक्या निर्लज्ज माणसाशी वाद घालता येत नाही. रेघोबा त्या दुकानात एकूण चार वेळा गेले. चौथ्या वेळी त्यांना काचेच्या दारातून येताना बघताच तीन विक्रेते एकदम जेवायला गेले, सकाळी साडेदहाला. शेवटी असं निघालं, की एवढ्या लांबीत सपाट मॉनिटर या शहरात कुणाकडेच नाही. मग रेघोबांनी मनाशी तडजोड केली. वाकडा तर वाकडा, मधोमध बसायला आपल्याखेरीज लायक आहेच कोण? एकोणपन्नास इंची. ठरलं.

ठरलं म्हणजे फक्त त्यांचं ठरलं. खात्याचं ठरायचं होतं, आणि खात्याचं ठरणं भांडार विभागातल्या बाईंच्या हातात होतं. बाई शांत होत्या. साखळीला लावलेला चष्मा त्या नाकावर चढवायच्या तेव्हा समोरच्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. त्यांनी मागणीपत्र वाचलं, यादी काढली, यादीवरून बोट फिरवलं.

“मॉनिटर चोवीस इंचांपर्यंत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वर मॉनिटर नसतो.”

“मग काय असतो?”

“टीव्ही.”

“बाई, हा टीव्ही नाही. हा कामाचा मॉनिटर आहे.”

“यावर चित्र दिसतं?”

“दिसतं.”

“चोवीस इंचांपेक्षा मोठं?”

“अहो, त्यासाठीच तर...”

“मग झालं,” म्हणून बाईंनी दुसरा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘कर्मचारी करमणूक साधने: मागणी’. “यादी मी केलेली नाही. माझ्या आधीच्यांनी केली, ते वारले. आता बदलायची कुणी?”

रेघोबांनी आधी मोठ्या साहेबांकडे दाद मागितली. साहेब म्हणाले, “मिळतोय ना? मग सही करा आणि सुटा. वीस दिवस राहिलेत.” तेव्हा अपमान गिळून त्यांनी फॉर्म भरला. करमणुकीचा प्रकार या रकान्यात खेळ, बातम्या, संगीत आणि इतर असे चार चौकोन होते. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘जलवाहिनी’. खाली बारीक अक्षरांत आठ ओळी होत्या. बारीक अक्षरं न वाचता सह्या करणाऱ्या लोकांबद्दल रेघोबांचं मत सगळ्या खात्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र ते घाईत होते.

बाराव्या दिवशी खोका आला. सकाळी त्यांनी तो फाटकातून आत जाताना स्वतः पाहिला, टेबल पुसलं, मधोमध खुर्ची ठेवली आणि वाट बघत बसले. तासाभरानं ड्रिलचा आवाज आला. खालून, कॅन्टीनच्या बाजूनं. रेघोबा जिने उतरून धावले तेव्हा चहाच्या काउंटरच्या वरच्या भिंतीला चार माणसं त्यांचा मॉनिटर ठोकून बसवत होती.

“करमणुकीचं साधन सर्वांना दिसेल अशा जागी पाहिजे,” बाई म्हणाल्या. त्या पावती घ्यायला आल्या होत्या. “आठ ओळींतली पाचवी.”

“मग आता माझ्या खोलीत हलवा!”

“हलवता येईल. आधी करमणूक रद्द करावी लागेल. त्याला तीन महिने.”

बैठकीला आठ दिवस उरले होते. रेघोबांनी भिंतीवरच्या पडद्याला वायर कुठे लागते ते पाहिलं. मग वर गेले, आपला संगणक छातीशी धरून जिने उतरले, आणि साखरेच्या बरणीशेजारी मांडून बसले. राज्य गेलेला राजा धर्मशाळेत उतरावा तसे.

आणि तरीही एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे. वायर जोडली, पडदा उजळला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला नळ एका नजरेत पाहिला. पंपघरातून निघाला, पुलावरून गेला, शाळेला वळसा, बेकरी, बाजार, थेट दवाखाना. सगळा एक. त्यांचे डोळे भरून आले. ‘चहाची वाफ फार आहे इथे,’ असं ते कॅन्टीनवाल्या मावशींवर खेकसले, आणि मावशींनी बिचाऱ्यांनी आधण बाजूला सरकवलं.

मग उरलेले लोक आले. कॅन्टीन म्हणजे उरलेल्यांचंच ठिकाण. हिशेब विभागातल्यानं विचारलं मॅच कधी लागणार. टायपिस्ट बाईंनी विचारलं, “हा निळा साप कुठल्या जंगलातला?” रेघोबांनी एकालाही मान वळवून उत्तर दिलं नाही. मान वर करून बसल्यानं ती तशीही वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खात्यातले एक चावीवाले आले. पहाटे गल्लोगल्ली फिरून व्हॉल्व्ह उघडायचे आणि दुपारी बंद करायचे हे त्यांचं काम. कमरेएवढी लोखंडी चावी भिंतीला टेकवून ते चहा घेत उभे राहिले आणि निवांतपणे पडद्याकडे बघत होते. कप संपल्यावर म्हणाले, “साहेब, हा नळ शाळेच्या मागून नाही जात. पुढून जातो.”

चहा पिणारे सगळे वळले.

“नकाशात मागून आहे,” रेघोबा म्हणाले.

“नकाशात असेल. जमिनीत पुढून आहे.”

“तुम्हाला नकाशा वाचता येतो?”

“नाही येत,” चावीवाले म्हणाले. “नळ येतो.”

लोक हसले. रेघोबांचे कान लाल झाले. या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी ते नकाशाची गुंडाळी आणि साक्षीला मुकादम घेऊन शाळेपाशी गेले. चावीवाल्यांनी शाळेच्या फाटकासमोर चार पावलं मोजली आणि चपलेनं माती बाजूला केली. खाली लोखंडी झाकण निघालं. झाकण उघडून त्यांनी चावी आत सोडली, अर्धा फेरा फिरवली, आणि पायाखालून पाणी धावल्याचा आवाज आला.

“कुणीतरी हलवलेला दिसतोय,” रेघोबा म्हणाले.

“अकरा किलोमीटरचा नळ?” मुकादमानं विचारलं. मुकादमाच्या कुदळीचा अपमान अजून ताजा होता.

“आणि साहेब, बेकरीसमोर व्हॉल्व्ह कधी नव्हताच,” चावीवाले म्हणाले. “तो मागच्या गल्लीत आहे.”

“मग इतक्या वर्षांत मला सांगायला काय झालं होतं?”

“दोनदा आलो होतो तुमच्या खोलीत. तुम्ही म्हणालात, जाताना दार लावून घ्या.”

हे चावीवाले कुत्सितपणे बोलले असते तर रेघोबांना सोपं गेलं असतं. पण ते साधेपणानं बोलले, झाकण लावता लावता. रेघोबा कार्यालयात परतले आणि त्यांनी जुनी फाइल उघडून बघितली. बेकरीचा व्हॉल्व्ह कुठल्याही सांध्यात सटकलेला नव्हता. सातव्या तुकड्याच्या बरोब्बर मध्यभागी, सुवाच्य अक्षरांत, त्यांनी स्वतःच्या हातानं तो चुकीचा काढला होता. काच निर्दोष होती.

उरलेले सहा दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते. चावीवाले दुपारी यायचे, चहा घ्यायचे आणि बोटानं दाखवायचे. इथे नाही, तिथे. हा बंद आहे. हा जोड तुमच्याकडे नाहीच. एकूण एकोणीस चुका निघाल्या. वरच्या खोलीत, छोट्या काचेवर, चुका ही रेघोबांची खाजगी बाब होती. इथे ती कॅन्टीनच्या टोकाच्या टेबलावरूनही दिसायची. हिशेब विभागातला मॅच विसरला आणि फळ्यावर आकडा मांडू लागला. चौदावी चूक निघाली तेव्हा टायपिस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या. रेघोबा दात आवळून रेघा पुसत होते, नव्या मारत होते. एकोणीसही चुका त्यांनी दुरुस्त केल्या. बायकोनं रोज रात्री मानेला लावायचं मलम ताटाशेजारी ठेवलं.

बैठक कॅन्टीनमध्येच भरली, कारण मॉनिटर हलत नव्हता. मंडळाचे सात सभासद प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. चावीवाले आणि मुकादम दाराशी उभे होते. मोठे साहेब नकाशाकडे हात करून म्हणाले, “आधी चुका होत होत्या, त्या साधन अपुरं असल्यामुळे. योग्य साधन दिलं, आणि बघा फरक!”

रेघोबांना फक्त मान डोलवायची होती. मानही आता ठीक होती. पण नकाशात चूक दिसली की ती दुरुस्त करायचीच, ही खोड तीस वर्षांची.

“साहेब,” ते उठून म्हणाले, “काचेचा काही दोष नव्हता. बेकरीचा व्हॉल्व्ह मीच चुकीचा काढला होता. असे आणखी अठरा. ते सगळे चावीवाल्यांनी दाखवले. मी त्यांना आधी दोनदा खोलीतून घालवलं होतं. आज नकाशा बरोबर आहे तो त्यांच्यामुळे.”

मग एका सभासदानं पडद्याकडे बोट केलं. “काचेचा दोष नव्हता, तर एवढा मोठा टीव्ही कशासाठी घेतला?”

“करमणुकीसाठी,” मागून भांडारातल्या बाई म्हणाल्या. “फॉर्म आहे माझ्याकडे.”

सभासद हसले, साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि त्या गडबडीत नवीन कामांना मंजुरी मिळून गेली. तळघराचं नाव कुणी काढलं नाही.

सगळे गेल्यावर रेघोबांनी नकाशाची छापलेली प्रत टेबलावर पसरली. खाली कोपऱ्यात ‘काढणार’ आणि ‘तपासणार’ असे दोन चौकोन होते. तपासणाराच्या चौकोनात आजवर ते स्वतःच सही करत आले होते. आज त्यांनी पेन चावीवाल्यांपुढे धरलं.

“करा.”

चावीवाल्यांनी हात शर्टाला पुसले. पेन घेतलं. नकाशावर वाकून ते पंपघरापासून निघाले आणि बोटानं पूल, शाळा, बेकरी करत सावकाश दवाखान्यापर्यंत पोचले. तिथे बोट थांबलं. त्यांनी पेन परत दिलं.

“सही करतो, साहेब. पण दवाखान्याचा जोड मागच्या फाटकाशी आहे. तुम्ही पुढच्या फाटकाशी दाखवलाय.”

“हे तुम्हाला बैठकीत दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं की. पण तुम्ही बोलत होतात. चांगलं बोलत होतात. मध्ये कसं तोडायचं?”

रेघोबांनी छापील प्रतीची गुंडाळी केली आणि बाजूला ठेवली. पुन्हा संगणक चालू केला. भिंतीवर नळ उजळला. त्यांनी माउस हातात घेतला.

“बोला,” ते म्हणाले. “आणि जरा सावकाश बोला. मला ऐकायची सवय नाही.”